कवेलूच्या माळ्यावरून गरम पाण्याचा तांब्याचा पाइप न्यायचा आहे: जाडी, झाळकाम आणि वेष्टन

जुन्याघरातली, इंदूर

नमस्कार. रामबागेतल्या आमच्या घराचा पुढचा भाग आजेसासऱ्यांनी बांधलेला आहे: सागवानी तुळया, त्यांवर तक्तपोशी, तिच्यावर माणूस ओणवा होऊन चालू शकेल एवढा माळा आणि वर कवेलूचे छप्पर. मागचा दुमजली भाग स्लॅबचा असून त्याच्या गच्चीवर 200 लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सौर बंब आहे. बंबापासून एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप माळ्यावर उतरतो, भिंतीच्या कडेकडेने फिरतो आणि पुढच्या न्हाणीघरात येतो. या पाइपाची एकूण लांबी सुमारे 14 मीटर असून त्याला कसलेही वेष्टन नाही.

सासूबाई पहाटे पाचला स्नान करतात. त्या वेळी नळ सोडला की आधी अर्धी बादली थंडगार पाणी येते, मग थोडे कोमट आणि बादली भरत आली की एकदम कढत. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे ती अर्धी बादली मोरीत सोडून देणे जिवावर येते. सासूबाई ती झाडांसाठी बाजूला ठेवतात खऱ्या, पण थंडीत पाच वाजता भरलेली बादली सरकवण्याचे त्यांचे वय आता राहिलेले नाही.

यंदा या पाइपाला दोन ठिकाणी गंज फुटून तक्तपोशीवर डाग पडला आहे, म्हणजे तो बदलणे आलेच. आमचा प्लंबर सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारे प्लास्टिक) टाकावे असे सांगतो. यजमानांचा कल तांब्याकडे आहे, कारण घरातला जुना तांब्याचा बंब अजून कोपऱ्यात उभा आहे आणि त्याला आजवर कधी गळती लागलेली नाही. हे काही शास्त्रीय कारण नव्हे, हे मला कळते. तांबे घ्यायचे ठरवले तर पाइप किती जाड घ्यावा, लाकडी माळ्यावर सांधे झाळताना आगीची भीती कितपत बाळगावी, आणि वेष्टन कोणते व किती जाडीचे घालावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. जाड वेष्टन घातले तर पहाटेचे पाणी गरम मिळेल, अशी आमची समजूत आहे.


आलेखकागद, इंदूर

आपली शेवटची समजूत आधी दुरुस्त करतो, कारण खर्चाचे सगळे गणित तिच्यावर अवलंबून आहे.

आपण म्हणता ती अर्धी बादली हिशेबानेही तंतोतंत जुळते. एक इंची जीआय पाइपाचा आतला व्यास साधारण 27 मिलिमीटर असतो आणि त्याच्या एका मीटरमध्ये सुमारे 0.57 लिटर पाणी मावते. त्याला 14 ने गुणले की 8 लिटर होतात. हे पाणी रात्रभर पाइपात उभे असते आणि पहाटे बंबातले गरम पाणी त्याला पुढे ढकलत येते. त्यानंतर कोमट पाणी येते याचे कारण असे की लोखंडाचा तो जड पाइपही आधी तापावा लागतो. मीटरमागे जवळजवळ अडीच किलो लोखंड आहे.

आता वेष्टनाचे पाहू. समजा 22 मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपात 60 अंशांचे पाणी थांबले आहे आणि माळ्यावरची हवा 20 अंशांची आहे. पाइप उघडा असेल तर ते पाणी अर्ध्या तासाच्या आसपास 40 अंशांवर येईल, आणि 19 मिलिमीटर जाडीचे नायट्रिल रबराचे वेष्टन असेल तर त्याला सुमारे दीड तास लागेल. फरक चांगला तिप्पट आहे. परंतु आपल्याकडे शेवटचा नळ रात्री दहाला सुटतो आणि पहिला पहाटे पाचला, म्हणजे मध्ये सात तास जातात. एवढ्या अवधीत वेष्टनातले पाणीही माळ्याच्या हवेइतकेच थंड होऊन बसते. वेष्टनाची जाडी दुप्पट केली तरी पहाटेच्या पहिल्या बादलीत काही फरक पडणार नाही. ती बादली सुधारायची असेल तर पाइपात उभे राहणारे पाणीच कमी केले पाहिजे, म्हणजे पाइप आखूड आणि बारीक असला पाहिजे.

तांब्याचे पाणीपुरवठ्याचे पाइप बाहेरच्या व्यासावरून ओळखतात. 22 मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे साधारण 0.32 लिटर पाणी मावते आणि 15 मिलिमीटरच्या पाइपात त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे 0.145 लिटर. सगळा पाइप 15 चा घातला तर आजच्याच 14 मीटरच्या मार्गावर 8 लिटरांचे 2 लिटर होतील. पण येथे दुसरी बाजू आहे. आपला दाब केवळ बंबाच्या उंचीचा आहे, पंपाचा नाही. 15 च्या पाइपातून मिनिटाला 6 लिटर पाणी वाहू लागले की मीटरमागे सुमारे 5 सेंटिमीटर उंचीचा दाब घर्षणात जातो. प्रवाह दुप्पट केला की हा तोटा तिपटीहून अधिक होतो. एकच नळ सुरू असेल तर हे चालून जाईल, परंतु दोन न्हाणीघरे एकाच वेळी सुरू झाली की दोन्हीकडे धार बारीक पडेल. म्हणून फाटा फुटतो तेथपर्यंत 22 चा आणि फाट्यापासून प्रत्येक न्हाणीघराकडे 15 चा पाइप न्यावा, असे माझे मत आहे.

वेष्टन घालूच नये, असा याचा अर्थ घेऊ नये. सकाळी पाच ते आठ या वेळात घरातली माणसे एकामागून एक स्नान करतात, आणि दोन स्नानांमध्ये अर्धा तास गेला तर उघड्या पाइपातले पाणी 40 अंशांवर आलेले असते, तर वेष्टनातले अजून 50 च्या वर असते. वेष्टनाचा पैसा वसूल होतो तो येथे. जाडीविषयी मी केलेला हिशेब असा आहे: उघड्या 22 च्या पाइपातून वर सांगितलेल्या तापमानाला मीटरमागे 25 वॉटच्या आसपास उष्णता जाते, 13 मिलिमीटरच्या वेष्टनाने ती 10 वर येते, 19 ने 8 वर आणि 25 ने 7 वर. पहिला थरच बहुतेक काम करतो. मी स्वतः 19 घालीन, त्याहून अधिक नाही.


पान्हा, इंदूर

ताई, मी इंदुरात पंचवीस वर्षे नळकाम करतो आहे. वरचा हिशेब बरोबर आहे, पण कागदावर पाइप सरळ असतो आणि माळ्यावर तुळया आडव्या येतात, म्हणून कामाच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम मार्ग. भिंतीच्या कडेने फिरवलेला पाइप हा जुन्या लोकांचा आळस आहे. धूळ, जळमटे आणि काळोख टाळून कडेने काम उरकलेले असते. मधल्या खोलीवरून सरळ आलात तर माझ्या अंदाजाने आपला पाइप 9 मीटरच्या आत बसेल. तेवढ्यासाठी एक दिवस माळा झाडून घ्यावा लागेल, आणि तो पुढे सांगतो त्या कारणासाठी तसाही झाडावाच लागणार आहे. मात्र सरळ जाण्याच्या मोहाने तुळईला खाच पाडू देऊ नका. सुताराला विचारा, तोही हेच सांगेल. तुळईच्या बगलेला लाकडी ठोकळे बसवून पाइप त्यांवर टेकवावा.

दुसरी गोष्ट उताराची, आणि तिच्यात मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. मल्हारगंजातल्या एका जुन्या घरात मी पाइप एका तुळईवरून वीतभर उचलून पलीकडे उतरवला होता. काम देखणे झाले होते, गळती कुठेही नव्हती, आणि तरीही नळाला गरम पाणी गुळण्या टाकल्यासारखे थांबत थांबत येत होते. दोन दिवस मी नळ, बंब आणि व्हॉल्व्ह उघडून पाहिले. शेवटी ध्यानात आले की पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा सुटते, ती त्या उंचवट्यात जाऊन बसते, आणि केवळ उंचीच्या दाबाला ती बाहेर रेटता येत नाही. तो तुकडा कापून तुळईखालून घेतला आणि त्याच संध्याकाळी पाणी सुरळीत झाले. तेव्हा बंबापासून नळापर्यंत पाइप सतत उतरता असावा, मध्ये कोठेही डोके वर काढता कामा नये. मीटरमागे एक सेंटिमीटर उतार पुरे होतो. पाणसळ लावून, दोरी ताणून आधी ठोकळे बसवा आणि मगच त्यांवर पाइप ठेवा.

आता झाळकामाविषयी. तांब्याचा सांधा म्हणजे कल्हईचाच भाऊबंद आहे: धातू घासून लख्ख करायचा, फ्लक्स (तापताना धातू काळा पडू न देणारा लेप) लावायचा, आणि ज्योत कथलाच्या तारेवर न धरता फिटिंगवर धरायची, फिटिंग पुरेशी तापली की तार टेकवताच कथील आपोआप त्या बारीक फटीत ओढले जाते आणि कडेला चांदीची रेघ उमटते. ती रेघ पूर्ण फिरलेली दिसली म्हणजे सांधा झाला. पाइप कापल्यावर आतल्या कडेला राहिलेली धार रीमरने काढणे आणि पाइपात पाण्याचा थेंबही नसणे, या दोन गोष्टी आपण उभे राहून करून घ्या. पाणी राहिले तर वाफ होते आणि सांधा भरत नाही. कथील शिसेविरहित मागवा. ते सुमारे 230 अंशांना वितळते, पण ज्योत त्याहून कितीतरी अधिक तप्त असते, आणि आगीचा धोका तिथे आहे.

माळ्यावर आधी पेटते ते सागवान नव्हे. पेटतात ती चिमण्यांची घरटी, कवेलूखालच्या वाळलेल्या कामट्या, आणि वर्षानुवर्षांची वाळलेली धूळ व जळमटे. ठिणगी फटीत जाऊन तासभर धुमसत राहते आणि कारागीर घरी गेल्यावर भडकते. आपल्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचे होते आणि 1984 साली ते आगीत जळाले, हे इंदूरकराला निराळे सांगायला नको. म्हणून माझी पद्धत अशी आहे की माप घेऊन जास्तीत जास्त सांधे खाली अंगणात झाळायचे, त्यांचे लांब तुकडे वर न्यायचे, आणि वर उरणारे दोन-तीन सांधे ज्योत न लावता पितळी कॉम्प्रेशन फिटिंगने आवळायचे. त्यांत नटाच्या आत एक पितळी कडी असते, ती आवळली की पाइपावर गच्च बसते. हे सांधे पुढेमागे पाना लावता येईल अशा जागी ठेवा, कारण वर्षभराने एखादा नट पाव फेरा आवळावा लागू शकतो. दाबून बसवायची प्रेस फिटिंगही मिळतात आणि त्यांनाही ज्योत लागत नाही, पण त्यांचे यंत्र असणारा माणूस शोधावा लागेल. आणि वर ज्योत लावणे टळलेच नाही, तर मागे पत्रा, खाली ओले गोणपाट, हाताशी भरलेली बादली असावी, आणि काम संपल्यावर एक तास कोणीतरी माळ्यावर बसून राहावे.

पाइपाला आधार द्यायचा तो 15 च्या पाइपाला दर 1.2 मीटरला आणि 22 च्या पाइपाला दर 1.8 मीटरला. पकड लोखंडाची नको, तांब्याची किंवा रबराचे अस्तर असलेली घ्यावी, आणि तीही फार आवळू नये. 9 मीटरचा तांब्याचा पाइप 20 अंशांवरून 75 अंशांवर गेला की सुमारे 8 मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर रोज पहाटे माळ्यावर कोणीतरी बोटे मोडत असल्यासारखा आवाज येईल. वळणाजवळ हातभर अंतर मोकळे ठेवावे, आणि भिंतीतून पाइप जातो तेथे मोठ्या पाइपाचा तुकडा बसवून त्यातून तो न्यावा. चुन्यात किंवा सिमेंटात थेट गाडू नये.

वेष्टन घालण्याची घाई करू नका. आधी आतून भरपूर पाणी सोडून फ्लक्स धुऊन काढावा, कारण तो राहिला तर तांबे खातो. मग पाइप भरून 24 तास ठेवावा, त्यानंतर दोन दिवस गरम पाणी वापरून पाहावे, प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि कागद कोरडा राहिला तरच वेष्टन चढवावे.


लष्करवाले, ग्वाल्हेर

आमच्याकडे जानेवारीत पारा 2-3 अंशांपर्यंतही उतरतो, पण माळ्यावरचा पाइप गोठून फुटल्याचे मी पाहिलेले नाही. त्यामुळे परदेशी चित्रफितींत गोठण्याची जी भीती घालतात, ती इंदुरात आपण मनावर घेऊ नये.

माझा अनुभव निराळ्या शत्रूचा आहे. मी काळे रबरी वेष्टन घातले आणि पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी त्याचे चार हात लांब कुरतडून शेजारच्या ट्रंकेत बिछाना केला. उरलेले काम खारींनी केले. आता वेष्टनावरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळून, त्याचा जोड खालच्या बाजूला ठेवून, दोन्ही टोके घट्ट बंद केली आहेत, आणि तेव्हापासून त्रास नाही. नुसती चकचकीत ॲल्युमिनियमची चिकटपट्टी उंदराला अडवत नाही, ती तो कागदासारखी फाडतो.


सरळरेषा, इंदूर

येथे सगळे तांब्याच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून प्लंबरच्या वतीने चार शब्द लिहितो. सीपीव्हीसीला ज्योत लागत नाही, गंज लागत नाही, तांब्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते, आणि त्याची भिंत स्वतःच उष्णता फारशी वाहू देत नाही. गच्चीवरचा उघडा तांब्याचा पाइप एका रात्रीत नाहीसा होतो, हेही आपल्या शहरात घडते. सीपीव्हीसी चोरायला कोणी येत नाही.

त्याच्या मर्यादाही मी लपवीत नाही. त्याची मर्यादा साधारण 93 अंशांची असते, आणि काचेच्या नळ्यांचा बंब मे महिन्यात घर आठवडाभर बंद राहिल्यास त्या आकड्याच्या फार जवळ जाऊ शकतो, म्हणून बंबाजवळचा पहिला मीटर-दीड मीटर धातूचाच असावा. शिवाय ते तांब्याच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावते, म्हणजे ज्या 9 मीटरांत तांबे 8 मिलिमीटर लांबते तेथे हे तीन सेंटिमीटरांहून अधिक लांबेल, आणि उन्हाळ्यात तापलेल्या माळ्यावर दोन आधारांमध्ये झोल पडेल. त्याला सलग फळीचा आधार द्यावा लागतो. एवढे सांभाळले तर पैसे वाचतात. पहाटेच्या बादलीचा प्रश्न पाइपाच्या पोकळीचा आहे, धातूचा नाही, हे आलेखकागद यांनीच दाखवून दिले आहे.


जुन्याघरातली, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. आलेखकागद काकांचा हिशेब वाचून मी आज पहाटे स्वयंपाकघरातले लिटरचे माप घेऊन न्हाणीघरात बसले. सात मापे थंड निघाली, आठवे कोमट होते, आणि अकराव्या मापाला बोट पोळले. सासूबाईंनी हा सगळा प्रकार दारात उभ्या राहून पाहिला आणि आपली पोथी थांबवून मापे मोजायला मदत केली.

आम्ही तांबेच घ्यावे, असे ठरते आहे, आणि सरळरेषा यांचे म्हणणे पटूनही ठरते आहे; माळ्यावर पुन्हा पुन्हा चढणारे घरात कोणी उरलेले नाही. दोन शंका राहिल्या आहेत. न्हाणीघराच्या भिंतीत शेवटचा दीड मीटर जुना जीआय पाइप आहे आणि तो काढायचा तर फरशा फुटतील. तो तसाच ठेवून वर तांबे जोडले तर चालेल का? दुसरी शंका अशी की पुढच्या खोलीत एसी बसवायचा आहे आणि त्याच्याही तांब्याच्या नळ्या याच माळ्यावरून न्यायच्या आहेत. त्यांनाही हेच वेष्टन चालेल का?


पान्हा, इंदूर

ताई, फरशा फोडा. हे ऐकायला वाईट वाटते, पण वाहत्या पाण्याच्या दिशेने आधी तांबे आणि मग जीआय, हा क्रम कधीही ठेवू नये. पाण्याबरोबर तांब्याचे अगदी सूक्ष्म अंश वाहत येतात, पुढच्या जीआयच्या जस्तावर बसतात, आणि तेथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन जस्त व मागून लोखंड खाल्ले जाते. गरम पाण्यात ही क्रिया अधिक वेगाने होते. उलट क्रम, म्हणजे आधी जीआय आणि मग तांबे, पुष्कळ चालून जातो, पण तेथेही दोहोंच्या मध्ये पितळी जोड घालावा. भिंतीतला तो दीड मीटर तसाच ठेवलात तर नवा खर्च करून गळती माळ्यावरून भिंतीत नेल्यासारखे होईल, आणि भिंतीतली गळती दिसायला फार वेळ लागतो. फरशा फोडायच्या नसतील तर भिंतीवरून उघडा 15 चा तांब्याचा पाइप खाली आणा. जुन्या न्हाणीघरात तो वाईट दिसत नाही. मला तरी तो सिरॅमिकच्या फरशांहून बरा दिसतो.

आणखी एक गोष्ट. आपण बंबात बोअरिंगचे पाणी सोडत असाल तर ते बंद करा. आपल्याकडचे बोअरिंगचे पाणी नर्मदेच्या पाण्यापेक्षा जड असते आणि 60 अंशांच्या वर तापले की क्षार भराभर खाली बसतात. 15 च्या पाइपात पोकळी मुळातच कमी असते, तिला एक मिलिमीटरचा थरही महाग पडतो.


आलेखकागद, इंदूर

एसीच्या नळ्यांविषयी सांगतो, कारण येथे वेष्टनाचे काम उलट दिशेचे आहे. गरम पाण्याच्या पाइपावर वेष्टन उष्णता आत ठेवते. एसीच्या थंड नळीवर ते हवेतली वाफ बाहेर ठेवते. नळीचा पृष्ठभाग पावसाळ्यात भोवतालच्या हवेहून बराच थंड असतो, आणि वेष्टनाच्या जोडाला केसाएवढी फट राहिली तरी त्यातून दमट हवा आत शिरून नळीवर पाणी साचते, वेष्टनाच्या आतून वाहत जाते आणि भलत्याच जागी टपकते. गरम पाइपावर राहिलेली फट थोडी उष्णता घालवते, एवढेच. थंड नळीवर राहिलेली फट आपली तक्तपोशी कुजवते. म्हणून तेथे बंद छिद्रांचे नायट्रिल रबरच घ्यावे, शक्यतो न चिरता नळीवर अखंड सरकवावे, आणि प्रत्येक जोड चिकटवणाऱ्या द्रावणाने बंद करून वरून पट्टी लावावी. नेहमीच्या घरगुती स्प्लिट एसीत दाब उतरवणारा भाग बहुधा बाहेरच्या यंत्रात असतो, त्यामुळे जाड आणि बारीक दोन्ही नळ्या थंड राहतात. दोहोंना वेगवेगळे वेष्टन हवे. दोन्ही एकत्र गुंडाळून देणारा कारागीर भेटला तर त्याला थांबवा.

या नळ्या मऊ तांब्याच्या असतात आणि गुंडाळीत मिळतात. पाण्याचा पाइप मात्र कडक, सरळ लांबीचा घ्यावा. दुकानदार एसीचीच गुंडाळी पाण्यासाठी पुढे करतो, ती घेऊ नका. ती दोन आधारांमध्ये लोंबते आणि मग पान्हा यांनी सांगितलेला हवेचा उंचवटा आपोआप तयार होतो. एसीच्या नळ्या गरम पाण्याच्या पाइपापासून निदान हातभर दूर ठेवा, आणि विजेच्या जुन्या तारा माळ्यावरून गेल्या असतील तर त्या दोहोंपासून दूर घ्या.

गच्चीवरच्या उघड्या भागाविषयी राहून गेले. काळे नायट्रिल रबर उन्हात एक-दोन वर्षांत तडकते आणि हाताला भुकटी लागते. तेवढ्या भागावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवा. ग्वाल्हेरच्या उंदरांवर जो उपाय केला, तोच येथे उन्हावर चालतो. पॉलिथिनच्या फोमचे स्वस्त वेष्टन बंबाजवळ मुळीच नको, ते त्या उष्णतेला आकसून जाते.


जुन्याघरातली, इंदूर

काम कालच पूर्ण झाले, म्हणून कळवते आहे. माळा झाडताना तीन पोती धूळ, दोन घरटी आणि यजमानांच्या लहानपणीचा एक लाकडी घोडा निघाला. पाइप मधल्या खोलीवरून आणला; फाट्यापर्यंत 22 चा 4 मीटर आणि पुढे न्हाणीघरापर्यंत 15 चा 5 मीटर बसला, आणि शेवटचा भाग भिंतीवरून उघडाच खाली आणला. बारा सांधे अंगणात झाळले, वर फक्त तीन आवळले. पहिल्या दिवशी त्यांतल्या एकाखालच्या कागदावर रुपयाएवढा ओला डाग पडला होता. पाना लावून नट किंचित आवळल्यावर तो पुन्हा पडला नाही. वेष्टन 19 चेच घातले आहे आणि त्यावर पत्रा चढवला आहे.

आज पहाटे पुन्हा लिटरचे माप घेऊन बसलो. दोन मापे थंड, तिसरे कोमट आणि चौथे गरम निघाले. सासूबाई म्हणाल्या की आता तुळशीला पाणी कुठून घालायचे.